आहार्य

भरतमुनींनी उत्साहाला वीररसाचा स्थायीभाव ठरवले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जानेवारीतले मिनिआपोलिस नव्हते, हे उघड आहे. या शहरात जानेवारीतल्या पहाटेचे तापमान सरासरीने उणे 13 अंश सेल्सियसच्या आसपास असते. उणे 20 ही बातमी होत नाही. डिसेंबरच्या अखेरीस उजाडते तेच पावणेआठला, आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. अशा ठिकाणी रोज सकाळी सायकल काढून पाच किलोमीटरवरच्या ग्रंथालयात जायचे, तर त्यासाठीचा उत्साह कुठून आणायचा, असे मला दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारते. विचारणारे बहुधा भारतातून नुकतेच आलेले विद्यार्थी असतात आणि त्यांना उत्तरादाखल एखादे तेजस्वी वाक्य हवे असते. तसे वाक्य माझ्याजवळ नाही. मी त्यांना मोज्यांबद्दल सांगू लागतो आणि त्यांचा हिरमोड होतो.

पण मोज्यांचे उत्तर टाळाटाळीचे नाही. ते तसे का नाही, हे जरा सविस्तर मांडावे म्हणून हा प्रपंच.

'नाट्यशास्त्रा'त आठ स्थायीभाव आहेत आणि तेहतीस व्यभिचारी, म्हणजेच संचारी. स्थायीभाव मनात वस्तीला असतात, संचारी येतात आणि जातात, असे आपण वर्गात शिकवतो. सकाळी साडेसहाला, खिडकीबाहेर काळोख असताना, पांघरुणाखाली पडल्या पडल्या मी या वर्गीकरणाचा पुष्कळ विचार केलेला आहे. त्या घटकेला मनात जे जे हजर असते त्याची यादी संचारी भावांच्या यादीतूनच उतरवून घेता येईल : ग्लानी, आलस्य, चिंता, जडता, विषाद, निद्रा, वितर्क. ही मंडळी मात्र हलायचे नाव घेत नाहीत. उलट ज्याला स्थायी म्हणायचे तो उत्साह ऑक्टोबरात, नवे टायर विकत घेतले त्या दिवशी, एकदा येऊन गेलेला असतो. त्यानंतर भेटलाच तर वाटेत कुठेतरी, ध्यानीमनी नसताना, दोनेक मिनिटे भेटतो. रसव्यवस्थेविरुद्ध ही तक्रार नव्हे. रंगमंचावरच्या वीराची गरज वेगळी आणि ग्रंथालयात जाऊ पाहणाऱ्या माणसाची वेगळी, इतकेच.

आपल्या उपयोगाचे प्रकरण त्याच ग्रंथात दुसरीकडे आहे. अभिनय चार प्रकारचा : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आहार्य म्हणजे वेश, अलंकार, रंगभूषा असे सगळे बाहेरून आणून अंगावर चढवलेले. काव्यशास्त्र शिकवताना आपण सात्त्विकावर तास खर्च करतो आणि आहार्याला दोन ओळींत वाटेला लावतो. कपडेपटाकडे पाहण्याची साहित्याच्या माणसांची नजर एरवीही जरा वरूनच असते. भरताने मात्र त्याला स्वतंत्र अध्याय दिला आणि सगळा प्रयोग आहार्याच्या आधाराने उभा राहतो असे सांगितले. कोकणातला दशावतारी नट पेटी उघडून आरशाच्या तुकड्यासमोर बसतो आणि आपला चेहरा आपणच रंगवतो. दिवसभर कामाने शिणलेल्या त्या माणसाला त्या क्षणी राजा झाल्यासारखे वाटत असेल असे मला वाटत नाही. तो रंग लावत असतो. राजा बऱ्याच उशिरा येतो.

मराठीचे व्याकरणही याच बाजूने साक्ष देते. मला थंडी वाजते. मला कंटाळा येतो. मला हुरूप येतो, मला उमेद वाटते, मला धीर होत नाही. या सर्व वाक्यांतला माणूस कर्त्याच्या जागेवरून सरकून 'मला' होऊन बाजूला उभा आहे. क्रिया चालली आहे ती थंडीची, कंटाळ्याची, हुरुपाची. इंग्रजी बोलणारा माणूस स्वतःच 'थंड असतो'. आपल्याकडे थंडी बाहेरून येऊन आपल्याला वाजते. उजाडणे आणि सांजावणे या क्रियापदांना तर वेगळा कर्ताही लागत नाही, ती ज्याची त्याची आपोआप होतात, आणि डिसेंबरात ती किती घाईने होतात ते वर सांगितलेच आहे. याउलट : मी मोजे घालतो. मी बंद बांधतो. मी सायकल काढतो. ज्या वाक्यांत मला 'मी' होता येते ती सगळी अशी क्षुल्लक, हातापायांची वाक्ये आहेत. हुरूप आणणे माझ्या हाती असते तर भाषेने त्याची तशी सोय केली असती. (या युक्तिवादात भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला भोके दिसतील, याची जाणीव आहे. तरी सकाळी साडेसहाला तो पुरतो.)

तेव्हा कपडे.

पहिला नियम असा की घराबाहेर पडताना थंडी वाजली पाहिजे. नव्या माणसाला हे पटवणे सर्वांत अवघड जाते. दारातच ऊब वाटत असेल तर दहाव्या मिनिटाला घाम येणार हे नक्की. कारण सायकल चालवताना शरीर जेवढी शक्ती जाळते तिच्यातला जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो आणि उरलेल्याची उष्णता होते. माणूस ही चालती शेगडी आहे. तिच्यावर रजई घातली की पाणी सुटते, आणि हिवाळ्यात खरी भीती या पाण्याचीच. ओल्या कापडातून शरीराची ऊब कोरड्या कापडापेक्षा कितीतरी अधिक वेगाने निघून जाते. सिग्नलला दोन मिनिटे थांबावे लागले की मगाशी उकडत होते तो माणूस काकडू लागतो. म्हणून पोशाख दहाव्या मिनिटासाठी करायचा, पहिली नऊ मिनिटे कुडकुडत काढायची. कुडकुडणे, काकडणे, हुडहुडी भरणे, गारठणे, हिवाने आखडणे : उणे तापमान क्वचितच पाहिलेल्या आपल्या भाषेने थंडीसाठी एवढी क्रियापदे कशाला जमवून ठेवली असतील, असा प्रश्न मला कधी कधी पडतो. निफाडच्या बाजूला डिसेंबरात द्राक्षबागांमधून पहाटे शेकोट्या पेटवतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो पडणार नाही.

दुसरा नियम सुताविरुद्धचा आहे, आणि तो पाळणे मराठी माणसाला भावनिकदृष्ट्या जड जाते. मऊ, धुतलेले, सुती कापड म्हणजे आपल्या लेखी घर. अंगाला लागून सुती बनियन नसेल तर काहीतरी चुकल्यासारखे वाटते. पण सूत घाम पिते आणि धरून ठेवते. अंगाला लागून हवी ती पातळ लोकर. नसेल तर पॉलिएस्टर. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. तिच्यावर हवा कोंडून ठेवणारा मधला थर, स्वेटर किंवा तसले काही. सगळ्यांत वर वारा अडवणारे पातळ जाकीट, काखेत चेन असलेले, म्हणजे चढावर उघडता येते. थर तीनच, पण तिघांची कामे वेगळी. एक जाडजूड कोट ही तिन्ही कामे वाईट करतो.

ओल्या सुताचे सामर्थ्य मला मिनेसोटात नव्हे, नाशकात कळले. डिसेंबर 2017 मध्ये आई गेली. दहाव्याच्या दिवशी सकाळी रामकुंडावर गोदावरीत डुबी मारून ओल्या पंचाने बसलो होतो. गुरुजी सांगतील तसे हात चालत होते. तापमान दहा अंशांच्या वर असेल, खाली नक्कीच नव्हते. त्याआधी चार हिवाळे मी उणे वीसमध्ये सायकल चालवून काढले होते आणि त्या दहा अंशांत माझे दात असे वाजत होते की मला मंत्र म्हणता येईनात. शेजारी बसलेल्या काकांना वाटले, मी रडतो आहे. त्यांनी पाठीवर हात ठेवला. तो हात गरम होता आणि मला तो काढून घेतला जाऊ नये असे वाटत होते, म्हणून मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही. खरे म्हणजे त्या सकाळी मला काहीच होत नव्हते. दर्भाची अंगठी घाला, घातली. पाणी सोडा, सोडले. तीळ, पिंड, पुन्हा पाणी. उत्तरक्रियेवर विश्वास असण्या-नसण्याचा प्रश्न तिथे उठतच नाही, कारण ती कोणाला काय वाटते आहे ते विचारत नाही. पुढची वस्तू हातात देते.

जानेवारीत इथे परत आलो. तेव्हापासूनच्या सकाळी मला थरांप्रमाणेच क्रमाने आठवतात. मोजे आधी, कारण नंतर वाकता येत नाही. एकच जाड मोजा. दोन घालून बुटात पाय कोंबला तर रक्त फिरत नाही आणि पाय अधिकच गारठतो. मग आतली विजार, आतला सदरा, स्वेटर. मग माकडटोपी. आपल्याकडे पहाटे फिरायला निघालेल्या आजोबांची खूण असलेली ही वस्तू इंग्रजीत क्रिमियातल्या बालाक्लाव्हा या गावाचे नाव लावून फिरते. 1854 ची तिथली लढाई प्रसिद्ध आहे. मी मराठी नावाला अधिक मान देतो, त्यात निदान फुशारकी नाही. मग जाकीट, चष्मा, हेल्मेट आणि अगदी शेवटी हातमोजे. ते एकदा चढले की कुलूप-किल्लीचे काम होत नाही. बोटे वेगवेगळी असलेले हातमोजे उणे दहापर्यंत ठीक. त्याखाली चारही बोटे एका पिशवीत एकमेकांच्या आधाराने राहिलेली बरी. ब्रेक मारायला अडचण होते म्हणून काहीजण हँडललाच उबदार पिशव्या बांधतात आणि पातळ मोज्यांनी आत हात घालतात. इथे त्यांना 'पोगी' म्हणतात. दिसायला वाईट, कामाला उत्तम. या सगळ्याला अकरा मिनिटे लागतात. त्या जानेवारीत मला दिवसाच्या उरलेल्या तासांचे काय करायचे ते कळत नव्हते, पण या अकरा मिनिटांबद्दल कधी शंका आली नाही. सगळे चढवून झाल्यावर माणूस घरात थांबूच शकत नाही, कारण उकडायला लागते. बाहेर जावेच लागते. उत्साहाचा यात कुठेही संबंध येत नाही.

सायकलने दुःख बरे होते असे सांगणारी पुस्तके आहेत. त्यांच्यावर माझा विश्वास नाही. ग्रंथालयात पोचल्यावर मी कित्येक दिवस नुसता बसून होतो. विद्यापीठाच्या विल्सन ग्रंथालयात दक्षिण आशियाविषयीचा एम्स संग्रह आहे. तिथे वाचायला बरेच काही होते आणि मी वाचत नव्हतो. पण मी तिथे होतो, आणि तिथपर्यंत जाताना मिसिसिपी ओलांडून गेलो होतो.

ही नदी ओलांडण्याबद्दल थोडे लिहिले पाहिजे. विद्यापीठ नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले आहे आणि वॉशिंग्टन अॅव्हेन्यूचा दुमजली पूल त्याचे दोन तुकडे जोडतो. खालच्या मजल्यावर वाहने आणि 2014 पासून शहरी रेल्वे. वरचा मजला चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा. वर मधोमध पादचाऱ्यांसाठी छत असलेला बंदिस्त मार्ग आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना, उघड्यावर, सायकलींच्या पट्ट्या. कडाक्याची थंडी येते ती बहुधा वायव्येच्या वाऱ्यासह, आणि पूर्वेकडून पश्चिम काठावर निघालेल्या माणसाला तो तोंडावरच भेटतो. हवा उणे 15 असेल आणि वारा ताशी 20 किलोमीटरचा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 24 सारखे असते. यात सायकलीच्या स्वतःच्या वेगाने निर्माण झालेला वारा धरलेला नाही.

भरताने सांगितलेले आठही सात्त्विक भाव या पुलावर एका फेरीत भेटू शकतात. रोमांच आणि कंप यांच्या कारणांत त्याने भय आणि हर्ष यांच्याबरोबर शीतही मोजले आहे, हे आपण शिकवताना सहसा वगळतो. कंप सुरुवातीलाच, तो चांगला, शरीर ऊब तयार करते आहे असा त्याचा अर्थ. स्वेद आला तर कपडे चुकले. अश्रू वाऱ्याने येतात आणि पापण्यांवर गोठतात. डोळे मिटले तर क्षणभर चिकटतात. स्वरभंग कोणाला हाक मारायची वेळ आली की लक्षात येतो, कारण गारठलेल्या ओठांनी 'प' आणि 'ब' नीट निघत नाहीत. इथवर सगळे ठीक आहे. वैवर्ण्य मात्र गंभीरपणे घ्यायचे : नाकाचा शेंडा किंवा कानाची पाळी पांढरट, मेणासारखी दिसली आणि तिथे काही लागेनासे झाले तर ताबडतोब आत शिरायचे आणि ती जागा चोळायची नाही. स्तंभ म्हणजे बोटे ब्रेकवर वळेनाशी होणे. आणि काकडणारा माणूस ऊब मिळालेली नसताना काकडायचा थांबला, त्याचे बोलणे अडखळू लागले, तर तो सुधारत नसून प्रलयाच्या दिशेने चालला आहे. त्याला एकटे सोडायचे नाही, मदत बोलवायची. काव्यशास्त्राचा एवढा व्यावहारिक उपयोग मला अन्यत्र कुठे झालेला नाही.

याच पुलावरून 7 जानेवारी 1972 रोजी जॉन बेरीमन या कवीने आपले आयुष्य संपवले. तो 1955 पासून इथे शिकवत होता. '77 ड्रीम साँग्ज'ला 1965 मध्ये पुलित्झर मिळाले होते. साहित्याचे विद्यार्थी पुलावरून जाताना एकमेकांना ही गोष्ट सांगतात, आवाज जरा खाली आणून. तिच्याभोवती एक प्रकारचे वलय तयार झालेले आहे आणि ते मला कधीच आवडले नाही. त्या जानेवारीत तर मला ती गोष्ट कोणी सांगू नये असे वाटे. पुलाच्या मध्यावर एखाद्या सकाळी पाय आपोआप संथ होत. खाली नदी काठांजवळ गोठलेली आणि मधे काळी, वाफाळणारी असे. बेरीमनच्या कवितेने त्याला वाचवले की नाही असल्या प्रश्नावर मी पूर्वी एक निबंधही लिहिला होता. पुलावर उभे असताना त्या निबंधातले एकही वाक्य आठवत नसे. आठवायचे ते हे की थांबलो तर दोन मिनिटांत बोटे जातील. कपडे दहाव्या मिनिटासाठी केलेले होते, चालत्या शरीरासाठी. त्यांत उभे राहायची सोयच नव्हती. मग पॅडलवर पाय दाबला जाई. यापेक्षा जास्त काही मी त्याबद्दल सांगू शकत नाही, आणि माझ्या एका स्नेह्यांनी मला फेब्रुवारीत ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांच्या वाट्याचे श्रेय मी सायकलीला देणार नाही.

हिवाळ्याला या शहराने दिलेले अधिकृत उत्तर याच्या अगदी उलट आहे. मध्यवर्ती भागातल्या इमारती दुसऱ्या मजल्यांच्या पातळीवर बंदिस्त, उबदार पुलांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. पहिला असा पूल 1962 चा, आणि आज त्यांची जाळी सुमारे 15 किलोमीटरची आहे. घरातल्या गॅरेजमधून मोटारीत, मोटारीतून इमारतीत, इमारतीतून इमारतीत. नोव्हेंबर ते मार्च माणूस पातळ सदऱ्यात काढू शकतो. दुसरे, अनधिकृत म्हणावे असे उत्तर शहराच्या दक्षिण भागात आहे : जुन्या रेल्वेमार्गाच्या खोलगट चरातून गेलेला 'मिडटाऊन ग्रीनवे', साधारण नऊ किलोमीटरचा, मोटारींना मज्जाव असलेला रस्ता. बर्फ पडल्यावर तो इतक्या तत्परतेने साफ होतो की आजूबाजूच्या गल्ल्या अजून गुडघाभर बर्फात असताना तिथे डांबर दिसत असते. वैयक्तिक जिद्दीच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हा बर्फ काढणारा माणूस हिशेबात धरायला हवा. तो पहाटे चारला उठतो आणि त्याला पगार मिळतो म्हणून उठतो. फिनलंडमधल्या औलू गावात बर्फातही सर्रास सायकली चालतात त्या तिथल्या लोकांच्या अंगी विशेष वीरश्री आहे म्हणून नव्हे; तिथे वाटा नीट राखलेल्या असतात.

वीरश्रीवरून आठवले. हिवाळी सायकलस्वारांत एक पंथ आहे, दाढीला लोंबणाऱ्या हिमकणांसह स्वतःची छायाचित्रे काढून घेणाऱ्यांचा. 30 जानेवारी 2019 रोजी ध्रुवीय वारे इतके खाली उतरले की मिनिआपोलिसचे तापमान उणे 33 च्या आसपास गेले. विद्यापीठाचे वर्ग रद्द झाले आणि टपालखात्याने मिनेसोटात त्या दिवशी टपाल वाटले नाही. त्याही दिवशी काही मंडळी सायकल घेऊन बाहेर पडली. मी पडलो नाही. वरणभाताचा कुकर लावला आणि खिडकीत बसून राहिलो. रोज जाणाऱ्याला एखाद्या दिवशी न जाण्यात कमीपणा वाटत नाही. ज्याला सिद्ध काही करायचे असते त्याचीच पंचाईत होते. शिवाय खूप खालच्या तापमानाला कोरडा बर्फ वाळूसारखा होतो, चाकाखाली करकरतो आणि सायकल पुढे जात नाही. जोखीम आणि कष्ट दोन्ही वाढतात आणि ग्रंथालय तर बंद.

बाकी सायकलीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. टायरला टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे असतात, ते घ्यावेत. महाग पडतात, पण एका पारदर्शक, डांबरासारख्याच दिसणाऱ्या बर्फाच्या पापुद्र्यावर त्यांची किंमत वसूल होते. हवा जरा कमी ठेवावी. वळणावर ब्रेक मारू नये. दिव्याची बॅटरी गारठ्यात लवकर उतरते, ती पोचल्यावर काढून आत घेऊन जावी. खरी शत्रू मीठ. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चेन खाते. आठवड्यातून एकदा चेन पुसून तेल दिले नाही तर मार्चमध्ये नवी घ्यावी लागते. माझे वडील निफाडजवळच्या शाळेत शिकवायला सायकलने जात. ते दर रविवारी अंगणात सायकल उलटी करून चेनला तेल देत. थंडीच्या दिवसांत निघताना कालचे वर्तमानपत्र घडी करून स्वेटरच्या आत छातीवर धरत आणि मग बटणे लावत. कागद वारा अडवतो. घाट उतरण्यापूर्वी 'टूर द फ्रान्स'चे स्वारही हेच करत, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. वडिलांना ते फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग त्यांना कोणी सांगितलं?"

माझ्या पोशाखातला मधला थर, म्हणजे स्वेटर, आईने विणलेला आहे. करडा रंग, उलट-सुलट टाक्यांची जाड वीण. मी पहिल्यांदा इकडे यायला निघालो त्या वर्षीच्या दुपारी तिने तो विणला, आणि "तिकडे फार थंडी असते म्हणे" या एका माहितीवर विसंबून बाह्या चार बोटे जास्त लांब केल्या. हाताने विणलेली लोकर हवा उत्तम कोंडते, पण वारा थेट आरपार जाऊ देते. नुसता स्वेटर घालून पुलावर गेले तर काही घातले नसल्यासारखे वाटते. वर जाकीट असेल तर त्याच्यासारखे काही नाही. त्या जादा बाह्या दुमडायला नकोत, हातमोज्यांच्या आत ओढून घेतल्या की मनगटाची फट बंद होते. एवढी वर्षे इथल्या दुकानांतून तसे काहीतरी शोधतो आहे, मिळालेले नाही.

सीझनमध्ये तो तीनदा धुवावा लागतो. मशीनमध्ये घातला तर आटतो. टबात पाणी गार घ्यायचे, चोळायचे नाही, पिळायचे नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून नुसते दाबायचे. दोरीवर टांगला तर स्वतःच्या ओझ्याने लांबतो, म्हणून जमिनीवर टॉवेल पसरून त्यावर आडवा ठेवतो, बाह्या सरळ करून. इथल्या हिवाळ्यात घरातली हवा फार कोरडी, तरी वाळायला पुरते दोन दिवस लागतात. तेवढे दोन दिवस विकतचा घालतो.